वेष्टनाआडचा गंज

कापड गिरणी असो, रासायनिक कारखाना असो की वाफेवर स्वयंपाक आणि धुलाई चालवणारे एखादे मोठे रुग्णालय असो, जेथे बॉयलर फर्नेस ऑइलवर चालतो तेथे मागच्या आवारात ॲल्युमिनियमच्या पत्र्याने मढवलेली तेलाची टाकी बहुधा दिसते. शेजारच्या बॉयलरची सरकारी तपासणी ठरल्या मुदतीत होते. प्रमाणपत्र नसेल तर तो पेटवता येत नाही. त्याच बॉयलरला तेल पुरवणाऱ्या टाकीच्या वाट्याला अशी दक्षता क्वचितच येते. टाकीच्या अंगावरील उष्णतारोधक वेष्टनाचा, कारखान्याच्या भाषेत ज्याला लॅगिंग म्हणतात त्याचा, तर सहसा कोणी विचारही करीत नाही. पत्रा चकाकतो आहे, तेव्हा आतले सगळे ठाकठीक असणार, अशी सर्वांचीच सोयीची समजूत असते. ही समजूत किती घातक ठरू शकते, हे समजून घेण्यास अभियंता असण्याची आवश्यकता नाही. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकाइतके ज्ञान त्यास पुरेसे आहे.

फर्नेस ऑइल म्हणजे कच्च्या तेलापासून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यानंतर मागे उरणारा जड, काळा भाग. थंडावले की ते काकवीसारखे दाट होते. पंप ते ओढू शकत नाही आणि बर्नरमध्ये त्याचे नीट तुषार होत नाहीत. म्हणून टाकीत वाफेची नळी फिरवून ते कोमट ठेवावे लागते. टाकीला दिलेली ही उष्णता हवेत उडून जाऊ नये यासाठी टाकीभोवती ग्लासवूल किंवा रॉकवूल यांचा थर देतात आणि पावसापासून त्या थराचे रक्षण व्हावे म्हणून त्यावर पत्रा ठोकतात. व्यवस्था साधी आहे आणि जोवर ती कोरडी आहे तोवर उत्तमही आहे. लोकरीसारखा तो थर उष्णता अडवतो तो स्वतःच्या गुणाने नव्हे, तर आपल्या तंतूंत कोंडून धरलेल्या स्थिर हवेच्या बळावर. पण त्या हवेची जागा पाण्याने घेतली की सगळा हिशेब उलटतो. स्थिर हवेपेक्षा पाणी वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. थंडीत अंगावर घेतलेली घोंगडी भिजली तर जी गत होते, तीच ओल्या वेष्टनातील टाकीची होते. फरक इतकाच की, भिजलेला माणूस घोंगडी फेकून देतो. टाकीला ती वर्षानुवर्षे अंगावर वागवावी लागते.

पाणी आत शिरते कोठून? पत्र्याच्या सांध्यांतून, शिडीचे आधार आणि नळ्या जेथे वेष्टन भेदून बाहेर येतात तेथून, छपराच्या कडेवरील भेगाळलेल्या मॅस्टिकमधून. टाकीवर चढलेल्या माणसाच्या पायाखाली पत्रा दबतो, तेथे खळगा होतो आणि त्यात पाणी साचते. वेष्टन तळापर्यंत जमिनीला टेकवलेले असेल तर दिव्याची वात तेल शोषते तसे ते जमिनीवरचे पाणी वर ओढून घेते. म्हणूनच जाणते कारागीर वेष्टन जमिनीपासून थोडे वर थांबवतात. तळाची कड डोळ्यांना दिसली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. कोकणातील किंवा मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यातील टाकी असेल तर चार महिन्यांच्या पावसाबरोबर खारा वाराही येतो आणि मिठाचे कण त्या ओलीत मिसळतात.

या सर्वांतून जे घडते त्याला अभियांत्रिकीच्या परिभाषेत वेष्टनाखालील गंज असे म्हणतात. साध्या पोलादाच्या बाबतीत उणे १२ ते १७५ अंश सेल्सिअस या तापमानाच्या टप्प्यात हा धोका संभवतो, असे या विषयावरील जाणकारांचे मार्गदर्शन आहे. फर्नेस ऑइलच्या टाकीचे नेहमीचे तापमान या टप्प्यात पुरते बसते. ओल, ऊब, हवा आणि क्षार हे चारही घटक एका बंद जागेत एकत्र आले म्हणजे लोखंड उघड्यावर जितक्या वेगाने गंजते, त्याहून कितीतरी अधिक वेगाने ते तेथे गंजते. उघड्यावरची टाकी उन्हाने वाळते. वेष्टनाखालील टाकीला वाळण्याची संधीच मिळत नाही. अलीकडे अनेक कारखाने नैसर्गिक वायूकडे वळले असून त्यांनी तेलाची टाकी अडीअडचणीसाठी राखून ठेवली आहे. अशी कधी ऊन, कधी गार राहणारी टाकी तर अधिकच धोक्यात असते. कारण तिच्या वेष्टनातील ओल हटवण्याइतकी उष्णता तिला सातत्याने मिळत नाही आणि तिच्याकडे लक्ष देण्याचे कारणही कोणाला उरलेले नसते.

एका दोषातून दुसरा

वेष्टन बिघडले म्हणजे केवळ पत्रा गंजतो, असे नाही. एका दोषातून दुसरा जन्मतो. उष्णता निसटू लागली की तेल गार होते. तेल गार झाले की बॉयलर चालवणारा कामगार वाफेचा व्हॉल्व्ह अधिक उघडतो. त्याचे त्यात काही चुकत नाही, कारण वाफ कमी पडली तर जाब त्यालाच द्यावा लागतो. परंतु वाफेच्या नळीलगतचे तेल त्यामुळे गरजेपेक्षा अधिक तापते. फर्नेस ऑइलचा ज्वलनांक ६६ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. पेट्रोलच्या तुलनेत ते निरुपद्रवी वाटते ते यामुळेच. पण ही निर्धास्तता तेल ज्वलनांकाच्या पुरेसे खाली ठेवले जाते या गृहीतावर उभी आहे. बिघडलेले वेष्टन ते गृहीतच पोखरून काढते. नळीच्या जोडातून झिरपलेले तेल वेष्टनाच्या तंतूंत मुरले, तर तप्त नळीलगत ते आतल्या आत धुमसू शकते आणि हवा लागताच पेट घेऊ शकते. सुरक्षेसाठी आणि काटकसरीसाठी घातलेले आवरण अशा वेळी इंधनाची वात होऊन बसते.

खर्चाच्या दृष्टीनेही हा व्यवहार आतबट्ट्याचाच आहे. ओल्या वेष्टनातून निसटणारी उष्णता पुन्हा वाफेनेच भरून काढावी लागते. ती वाफ त्याच तेलातून निर्माण होते आणि ते तेल पैसे मोजून विकत घेतलेले असते. हा खर्च इंधनाच्या खात्यावर पडतो. वेष्टनाची दुरुस्ती मात्र देखभालीच्या खात्यावर पडते. इंधनाच्या खात्यातील वाढ ‘उत्पादन वाढले’, ‘भाव चढले’ अशा कारणांत सहज विरघळून जाते. दुरुस्तीच्या खात्यातील एक रक्कम मात्र लेखापालाच्या डोळ्यांत खुपते. ज्यांनी कचेरीत चार वर्षे काढली आहेत त्यांना हे हिशेबी अंधत्व नव्याने समजावून सांगण्याचे कारण नाही.

नियम काय सांगतात

तेलाच्या टाक्यांच्या देखभालीचे नियम जगात अस्तित्वात नाहीत, असे मुळीच नाही. अमेरिकेत १९७४ साली अमलात आलेल्या तेलगळती-प्रतिबंधक नियमांनी टाकीच्या मालकावर टाकीच्या मजबुतीची ठराविक काळाने परीक्षा करण्याचे, टाकीच्या आतील वाफेच्या नळीतून तेल गळत नाही ना हे पाहण्याचे आणि तपासणीच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन घातले. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल उद्योगाच्या संस्थेने तयार केलेली ६५३ क्रमांकाची संहिता तपशिलात याहून पुढे जाते. टाकी चालवणाऱ्या माणसांनी निदान महिन्यातून एकदा बाहेरून पाहणी करावी. अधिकृत तपासनिसाने फार तर पाच वर्षांच्या अंतराने बाह्य तपासणी करावी. आणि वेष्टन असलेल्या टाकीच्या बाबतीत भिंत आणि छप्पर यांची स्थिती कळण्यास जेवढे आवश्यक तेवढेच वेष्टन काढावे, असे ती सांगते.

या शेवटच्या वाक्यातले शहाणपण ध्यानात घेण्याजोगे आहे. सगळे वेष्टन उतरवा, असे संहिता म्हणत नाही. तसे सांगितले असते तर तो नियम कोणीच पाळला नसता. परंतु वेष्टन आहे म्हणून पाहता आले नाही, ही सबबही ती मान्य करीत नाही. किती काढायचे ते परिस्थिती पाहून ठरवा. पण आतली भिंत कशी आहे याचे उत्तर तुमच्याजवळ असलेच पाहिजे, असा तिचा दंडक आहे.

ही संहिता सहजासहजी जन्माला आली नाही. २ जानेवारी १९८८ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील फ्लोरेफ येथे ॲशलँड ऑइल कंपनीची डिझेलची प्रचंड टाकी उभी चिरली आणि लाटेप्रमाणे उसळलेले तेल भोवतालचा बांध ओलांडून गेले. सुमारे साडेसात लाख गॅलन डिझेल मोनोंगाहेला नदीत मिसळले आणि नदीकाठच्या लक्षावधी लोकांच्या पिण्याच्या पाण्यावर संकट आले. ही टाकी नवी नव्हती. ओहायो राज्यात सुमारे चाळीस वर्षे वापरलेली टाकी सुटी करून तेथे पुन्हा उभारली होती. तिच्या पोलादात एक बारीकसा जुना दोष दडलेला होता आणि पूर्ण उंचीपर्यंत पाणी भरून तिची परीक्षा झालेली नव्हती. कडाक्याच्या थंडीत टाकी तोंडोतोंड भरली गेली, तेव्हा त्या बारीक दोषाने आपले काम केले. जुन्या टाक्यांची तपासणी आणि दुरुस्ती कशी करावी हे सांगणारी ६५३ क्रमांकाची संहिता १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली, ती या अनुभवानंतर.

याच्याही पुढचा धडा रशियाने दिला. २९ मे २०२० रोजी आर्क्टिक प्रदेशातील नोरिल्स्क येथील वीजकेंद्राची, १९८५ पासून वापरात असलेली टाकी कोसळली आणि सुमारे २१ हजार टन डिझेल वाहून गेले; त्यातील बहुतांश नद्यांत उतरले. चौकशीत टाकीखालील आधारखांबांचे दोष आणि देखरेखीतील ढिलाई पुढे आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने कंपनीला सुमारे १४६ अब्ज रूबल भरपाई देण्याचा आदेश दिला. फ्लोरेफ आणि नोरिल्स्क येथील दुर्घटना वेष्टनामुळे झाल्या नाहीत, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु दोन्ही ठिकाणी घात केला तो नजरेआड असलेल्या भागाने. एके ठिकाणी तो पोलादाच्या पोटात होता, दुसरीकडे टाकीच्या पायाखाली. वेष्टन हेही असाच एक नजरेआडचा भाग निर्माण करते. आणि तेही सर्व बाजूंनी, जाणूनबुजून.

आपल्याकडील पोकळी

भारताला हा अनुभव नवा नाही. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट झाला, तेव्हा कोठे १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळ येथे जे घडले त्यातही विषारी रसायनाच्या टाकीला गार ठेवणारी यंत्रणा आधीच बंद करण्यात आली होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा, त्याचा एक गंजलेला पाइप बदलावयाचा राहिल्यामुळे, निकामी होता. संरक्षणाची साधने तेथे होती. त्यांची निगा नव्हती. त्यानंतर १९८६ मध्ये तेल उद्योग सुरक्षा संचालनालय स्थापन झाले आणि साठवण टाक्यांच्या तपासणीसाठी त्याने १२९ क्रमांकाचे मानक सिद्ध केले. तेलकंपन्यांच्या आगारांतील टाक्यांना निदान एक लेखी शिस्त लाभली.

परंतु तेल वापरणारे कारखाने आणि संस्था या शिस्तीच्या परिघाबाहेरच राहतात. पेट्रोलियमच्या साठवणुकीचे परवाने आणि नियम यांचा कारभार नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे आहे. २००२ च्या पेट्रोलियम नियमांनुसार ६५ ते ९३ अंशांच्या दरम्यान ज्वलनांक असणारे तेल ‘क’ वर्गात मोडते आणि फर्नेस ऑइल सामान्यतः याच वर्गातले. या वर्गातील तेल एका ठिकाणी ४५ हजार लिटरपर्यंत साठवण्यास परवाना लागत नाही. आगीच्या धोक्याचाच विचार केला तर ही सवलत अवाजवी म्हणता येणार नाही. पण ४५ हजार लिटर फर्नेस ऑइलचे वजन चाळीस टनांहून अधिक भरते. एवढे तेल गंजलेल्या भिंतीतून नाल्यात आणि नाल्यातून गावाच्या विहिरींत उतरले, तर ज्वलनांक कितीही असला तरी ते पाणी पिण्याजोगे राहणार नाही. एकाच आवारात बॉयलरला कायद्याचा पहारा आहे आणि त्याच्या टाकीला मालकाच्या सदिच्छेचा. ही विसंगती दूर व्हावयास हवी.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातील. पहिला असा की, आणखी एक नियम म्हणजे आणखी एक निरीक्षक आणि आणखी एक हेलपाटा. छोट्या उद्योजकाची ही तक्रार खोटी नाही. परंतु येथे नव्या खात्याची गरजच नाही. बॉयलरच्या तपासणीला येणाऱ्या माणसाने शेजारच्या टाकीची नोंदवही पाहावी, एवढ्याने पुष्कळसे काम भागेल. दुसरा आक्षेप खर्चाचा. वेष्टन उचकटून पुन्हा बसवणे खर्चिक आहे, हे खरे. पण त्यावर साधा उपाय आहे. वेष्टन घालतानाच ठरावीक जागी झाकणाच्या खिडक्या ठेवाव्यात: तळाजवळ, छपराच्या कडेला, नळ्या बाहेर पडतात तेथे आणि पावसाचा मारा असणाऱ्या बाजूला. झाकण काढावे, ध्वनिलहरींवर चालणाऱ्या उपकरणाने पत्र्याची जाडी मोजावी, झाकण पुन्हा घट्ट बसवावे. अर्ध्या दिवसाचे हे काम आहे. नवी टाकी घेण्याच्या, किंवा नाला आणि विहिरी उपसण्याच्या खर्चापुढे त्याची मातब्बरी ती काय!

नियम करावयाचा तर त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. वेष्टन हा टाकीचाच भाग मानला जावा आणि टाकीच्या नकाशात त्याची जाडी, त्याचा प्रकार आणि खिडक्यांच्या जागा दाखवलेल्या असाव्यात. दर महिन्याला, आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर विशेष काळजीपूर्वक, टाकीभोवती फेरी मारून सुटलेले सांधे, दबलेला पत्रा, ओघळांचे डाग आणि तळाशी झिरपणारी ओल यांची नोंद व्हावी. ठरावीक वर्षांनी खिडक्यांतून जाडी मोजली जावी आणि ती मोजणारा माणूस त्या संस्थेच्या नोकरीतला नसावा. शेवटची गोष्ट म्हणजे, अंदाजपत्रकात वेष्टनाच्या निगेसाठी स्वतंत्र रक्कम राखली जावी. जी गोष्ट अंदाजपत्रकात नाही ती संस्थेच्या लेखी अस्तित्वातच नसते.

यांपैकी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड गोष्ट आहे ती नोंदवहीची. ‘तपासले, ठीक आहे’ हे तीन शब्दांचे भरतवाक्य आपल्या नोंदवह्यांत इतके रुळले आहे की, ते लिहिणाऱ्याने टाकीकडे मान वळवली होती की नाही हेही त्यावरून कळत नाही. ‘उत्तरेकडील खिडकी, जाडी ५.४ मिलिमीटर, गेल्या वेळी ५.८’ अशी नोंद असेल तर ती वाचणाऱ्या साध्या कारकुनालाही काहीतरी घटते आहे हे उमगेल आणि तो विचारणा करील. आकडा मागणारा नियम माणसाला पाहण्यास भाग पाडतो. केवळ सही मागणारा नियम त्याला न पाहण्याची मुभा देतो. टाकीच्या बाजूने रोज जाणाऱ्या बॉयलर अटेंडंटला पत्र्यावरचा तांबूस ओघळ सर्वांआधी दिसतो. तो दिसल्याचे लिहिण्याची जागा नोंदवहीत हवी आणि तसे लिहिल्याबद्दल त्याला बोलणी खावी लागू नयेत, हीही नियमाचीच जबाबदारी होय. अपघात झालाच, तर तेलाच्या लोटासमोर सर्वांत प्रथम उभा असणारा माणूसही तोच असतो.

टाकीवर वेष्टन घालावे असे सांगणारे पुष्कळ भेटतात, कारण त्यात बचत आहे आणि ती लगेच दिसते. ते वेळोवेळी उघडून पाहावे असे सांगणारे थोडे, कारण त्याचे फळ म्हणजे न घडलेला अपघात. आणि न घडलेल्या गोष्टीचे श्रेय कोणालाच मिळत नाही. कायद्याचे काम येथेच सुरू होते. कलकत्त्यात स्फोटानंतर कायदा आला, फ्लोरेफमध्ये नदी काळवंडल्यावर संहिता आली. आपल्या आवारातील टाक्यांच्या बाबतीत हा क्रम एकदा तरी बदलता येण्यासारखा आहे. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी एका टाकीच्या वेष्टनाला चार खिडक्या पाडण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.